बिनपाल्याचं पाणी

माझी वहिनी नोकरीला कुठे जाते असं कुणी विचारलं की आमची आई सांगायची, "बाटल्या धुते." वहिनी शेजारीच उभी असली तरी सांगायची. वहिनी हसायची आणि चपला घालून निघायची. तसं ते खोटं नव्हतं. वनस्पतींचे अर्क तपासणाऱ्या एका लहानशा प्रयोगशाळेत ती आहे, आणि तिथे बाटल्या धुणारं वेगळं माणूस नाही, म्हणून आपल्या बाटल्या ती आपणच धुते. पण मास्तरीण फळा पुसते म्हणून तिला कुणी फळा पुसणारी म्हणत नाही. हे मी आईला एकदा बोलून दाखवलं, तर म्हणाली, "तू गप्प बस. तू लोकांच्या नाकावर चष्मे बसवतेस." मी चष्म्याच्या दुकानात आहे, डोळे तपासते. लग्न करून गेले होते आणि परत आले, तो विषय इथला नाही. सांगायचा मुद्दा, आईच्या तडाख्यातून आमच्या घरात कुणी सुटत नाही. दादा तेवढा सुटतो, कारण तो ट्रकवर असतो आणि घरी येतो तेव्हा झोपलेला असतो.

एकदा वहिनीच्या चष्म्याची काडी मोडली, ती बसवून द्यायला मी तिच्या कामावर गेले. छापखान्याच्या वरचा मजला. जिन्यात शाईचा वास, दार उघडलं की स्पिरिटचा. भिंतीला लागून बरण्या, बरण्यांत वाळलेल्या मुळ्या, साली, बिया. आतल्या खोलीत काचेची मोठी पेटी, तिच्यात गाळलेली हवा सोडलेली, आणि तिच्यासमोर पांढरा कोट घालून वहिनी बसलेली. घरात आईने नुसता घसा खाकरला तरी हातातून भांडं सोडणारी ही बाई तिथे पिपेटच्या नळीतून थेंब असा सोडत होती की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. मान न वळवता मला म्हणाली, "लांब उभी राहा. आणि खोकू नकोस." घरी मला असं बोलायची तिची टाप नव्हती. मी मुकाट्याने लांब उभी राहिले.

काम काय ते तिने तेव्हा मला समजावून सांगितलं. फार वर्षांपूर्वी कुणीतरी एका उंदराच्या अंगातून पांढऱ्या पेशी काढल्या, आजारांशी लढणाऱ्या, आणि त्या अजून बाटलीत वाढताहेत. "उंदीर कधीच गेला, त्याचे शिपाई अजून ड्यूटीवर आहेत," हा तिचा आवडता विनोद. त्या शिपायांना खळग्या-खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत बसवायचं, खळग्यांत एकेका झाडाचा अर्क घालायचा, अंगाच्या उबेइतक्या उबेत ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी वरून एक रसायन सोडायचं. शिपाई चवताळून उठले असतील तर पाणी गुलाबी होतं. झोपून राहिले असतील तर कोरं राहतं. ताटलीच्या एका कडेला नुसतं शुद्ध पाणी घातलेले खळगे असतात, ते कोरे राहायलाच हवेत. दुसऱ्या कडेला मुद्दाम जंतूंची साल घातलेली असते, म्हणजे मेलेल्या जंतूंच्या अंगावरचा अंश. तो दिसला की शिपाई उठतातच, त्यामुळे ते खळगे गुलाबी व्हायलाच हवेत. त्यावरून शिपाई धडधाकट आहेत हे कळतं. आणि मधल्या खळग्यांत औषधी झाडं. मधले खळगे बहुतेक वेळा कोरेच निघायचे.

"कडू असलं म्हणजे औषध असतं असं नाही गं," वहिनी म्हणाली. "नाहीतर आईंच्या बोलण्याने अख्खी गल्ली बरी झाली असती."

खोकू नकोस असं सांगितलेलं असताना मी हसले, आणि तिने मला बाहेर काढलं.

आता आईबद्दल. आई रफू करते. कोटाला सिगारेटने भोक पडलेलं असू दे, ती त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागा काढते आणि असं विणते की गिऱ्हाईक उजेडात कापड धरून भोक कुठे होतं ते शोधत बसतं. कोपऱ्यावरचा लाँड्रीवाला तिच्याकडे काम आणतो. खिडकीजवळ तिची खुर्ची, शेजारी दुसरी खुर्ची, तिच्यावर गिऱ्हाइकांचे कपडे. त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायचा हक्क आमच्या घरात फक्त कपड्यांना होता.

मध्यंतरी आईची बोटं सकाळी उघडेनाशी झाली. सांधे लाल, गरम, सुजलेले. कपाचा कान धरवेना, सुई कुठून धरणार? तिला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं ते वहिनीने, स्वतःची रजा टाकून. आपल्याच अंगातले शिपाई आपल्याच सांध्यांवर उलटतात, असा तो आजार निघाला. त्या शिपायांना दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या आणि हळूहळू आईच्या हातात सुई परत आली. याचं श्रेय आईने वहिनीला दिलं नाही, डॉक्टरांना दिलं नाही, गोळ्यांनाही दिलं नाही. तिने ते काढ्याला दिलं.

मागच्या भिंतीवर आमची एक वेल आहे. पानं जाड, चव अशी की जीभ घशात परत जाते. तिच्या पाल्याचा काढा आई संध्याकाळी मातीच्या मडक्यात उकळायची, रात्रभर त्यातच मुरू द्यायची आणि सकाळी गाळून प्यायची. मडकं काढ्याचं वेगळं होतं. ते घासायचं नाही, नुसतं पाण्याने विसळायचं, हा तिचा नियम. "घासलं की गुण जातो," असं ती म्हणायची. आतून ते काळं आणि गुळगुळीत झालं होतं, आणि कुणी चुकून त्याला घासणी लावली तर त्याची धडगत नव्हती.

एके दिवशी आई वहिनीला म्हणाली, "जगातली झाडं तपासत बसतेस. घरची वेल दिसत नाही तुला? की ती फुकटची आहे म्हणून तिला किंमत नाही?"

दुसऱ्या दिवशी तिने काढा एका छोट्या बाटलीत भरून नेला. तिचे सर भला माणूस, "ताटलीत जागा शिल्लक आहे, घाला," म्हणाले. जिवंत जंतू पलीकडे जाणार नाहीत अशा बारीक गाळणीतून तिने तो गाळला, पातळ केला आणि मधल्या खळग्यांत सोडला. त्या संध्याकाळी नाही, दुसऱ्या संध्याकाळी ती घरी आली ती जवळजवळ पळतच. चपला काढायचंही भान नव्हतं. फोन तिने आईच्या डोळ्यांपुढे धरला. ताटलीचा फोटो. मधले खळगे ओळीने गुलाबी. कडेचे जंतूंच्या सालीचे खळगे जितके गुलाबी, तितकेच हे, अगदी एका बाटलीतून ओतल्यासारखे.

"हे माझ्या काढ्याने केलं?" आईने विचारलं.

"हो, आई. पेशी खडबडून उठल्या. इतका रंग आजवर माझ्या हाताखाली एकाही झाडाने दिला नव्हता."

आईने फोटो खिडकीशी नेऊन उजेडात बघितला. मग तिने शेजारच्या खुर्चीवरचे कपडे उचलले, पलंगावर ठेवले आणि म्हणाली, "बस." वहिनीला कळेना की हे कुणाला म्हटलं. आई उठली, स्वतः गॅस पेटवला आणि वहिनीला चहा करून दिला. लग्न होऊन आल्यापासून हे पहिल्यांदा घडत होतं. मी दारात उभी होते, माझाही विश्वास बसत नव्हता.

वहिनी कप हातात घेऊन म्हणाली, "आई, पण हे एकदाच करून बघितलंय हं. आणि तुमचा आजार उलटा आहे. तुमच्या पेशी जाग्या करणं म्हणजे खरं तर..."

"चहा गार होतोय," आई म्हणाली.

वहिनीने चहा प्यायला. पुढचं वाक्य तिने चहाबरोबर गिळलं ते गिळलंच.

त्यानंतर आमच्या घराचं रूप पालटलं. आई खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून सांगायला लागली, "माझी सून शास्त्रज्ञ आहे. मोठ्या मोठ्या मशीनवर आमच्या वेलीची तपासणी केली तिने." बाया पिशव्या घेऊन पाला मागायला येऊ लागल्या. समोरच्या शेजारणीने स्वतःसाठी नेला, बहिणीसाठी नेला, बहिणीच्या जावेसाठी नेला. लाँड्रीवाला रोज सकाळी इस्त्री तापेपर्यंत काढा घ्यायला लागला आणि तोंड वाकडं करून "अंगात बळ वाटतं बुवा," म्हणायला लागला. वहिनीला लोक रस्त्यात थांबवायचे. तिच्याही अंगावर मूठभर मांस चढलं. जेवताना ती आपणहून काहीतरी सांगायची, उंदराचा विनोद आईलाही सांगून झाला, आणि आई हसली. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटत होतं. घरात कुणीतरी कुणाशीतरी गोड बोलतंय, हे ऐकायची सवय नव्हती आम्हाला.

मग एका दुपारी माझ्या दुकानाला सुट्टी होती, आई लाँड्रीवाल्याकडे काम पोचवायला गेली होती, आणि मी बघते तर वहिनी स्वयंपाकघरात. कामाच्या वेळेला. गॅसवर काढ्याचं मडकं, त्यात नुसतं पाणी उकळतंय.

"हे काय, पाला संपला?" मी विचारलं.

"पाला नकोच आहे," ती म्हणाली. पाण्यावरची नजर तिने काढली नाही. "कुणाला सांगू नकोस."

मला वाटलं, त्यांच्या कामातलं काहीतरी असेल. तिने ते पाणी मुरायला ठेवलं, आईने काढा करायच्या आत छोट्या बाटलीत भरून घेतलं आणि मडकं विसळून जागच्या जागी ठेवलं.

त्या आठवड्यापासून ती पुन्हा गप्प झाली. पाला मागायला कुणी आलं की मागच्या खोलीत जायची. रस्त्यात कुणी हात केला तर न दिसल्यासारखं करायची. आईने त्याचाही चांगलाच अर्थ लावला. "खरी शिकलेली माणसं अशीच असतात. मिरवत नाहीत," असं ती शेजारणीला सांगायची, आणि आत वहिनी कपड्यांच्या घड्या घालत ते ऐकत असायची. त्याच त्याच घड्या उलगडून पुन्हा घालायची.

असेच बरेच दिवस गेले. एक दिवस आई माझ्या दुकानात आली. दुकानात ती कधी येत नाही. म्हणाली, "नंबर वाढलाय माझा. सुईत दोरा जात नाही. रफू वाकडं येतंय." मी तिला बसवलं, अक्षरं वाचायला लावली. घडाघडा वाचली. जवळचं बघितलं, तेही ठीक. मी बारीक टाईपाचं कार्ड तिच्या हातात दिलं, तर तिला ते धरता येईना. दोन्ही तळव्यांच्या मधे दाबून धरलं तिने. मी तिचे हात ओढून उजेडात घेतले. सांधे गरम होते. उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट मधल्या पेरात वाकलेलं होतं आणि सरळ होत नव्हतं.

"डोळे चांगले आहेत तुझे," मी म्हटलं. "गोळ्या घेतेस ना?"

आईने हात मागे घेतले आणि पदराआड लपवले. तिला घरी नेलं, विचारून काही उपयोग नव्हता म्हणून आपणच शोधलं. बटणांच्या डब्यात तळाशी गोळ्यांची पाकिटं होती, एकही न फोडलेली.

"आता कशाला हव्यात त्या?" आई म्हणाली. "हिनेच तर सिद्ध केलं ना, काढ्यात ताकद आहे म्हणून. आधी जरा दुखणारच."

मी तशीच छापखान्याच्या जिन्यात जाऊन उभी राहिले. वहिनी सुटली, मला बघून तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मी सांगितलं. ती जिन्यातच बसली.

"वेलीत काही नाहीये," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं, नीट पुन्हा करा. मी ताजा पाला नेला, स्वच्छ काचेत, शुद्ध पाण्यात काढा केला. खळगे कोरे. पुन्हा केला, पुन्हा कोरे. मग घरच्या मडक्यात बिनपाल्याचं पाणी उकळलं, तू बघितलंस ते. ते घातलं आणि गुलाबी झालं. तस्संच गुलाबी." तिने डोळे पुसले. "वर्षानुवर्षं न घासलेलं मडकं. आत जंतूंचे थर. गाळणीने जंतू अडतात, पण त्यांची साल पाण्यात उतरते, ती गाळून जात नाही आणि उकळूनही जात नाही. कडेच्या खळग्यात मी जे मुद्दाम घालते, तेच मधल्यातही गेलं होतं. पोटात गेलं तर काही होत नाही त्याने, पण पेशींवर घातलं की त्या उठणारच. मला रंग बघूनच कळायला हवं होतं. रोज बघते मी तो रंग."

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"त्या पाण्याचा रंग बघितला तेव्हापासून."

"आणि इतके दिवस तोंडात मूग गिळून बसलीस?"

"गोळ्या बंद केल्यात हे मला ठाऊक नव्हतं. शप्पथ."

"पण वेलीचं खोटं आहे हे ठाऊक होतं. का नाही बोललीस?"

ती जिन्याच्या पायरीवरचा शाईचा डाग बोटाने घासत राहिली. मी तिला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आईच्या हातांवर आमचं घर उभं राहिलंय, दादाचं शिक्षण त्या हातांनी केलं, आणि ते हात हिच्या एका फोटोपायी जातायत, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठून म्हणाली, "चल. आत्ताच सांगते."

घरी पोचलो तर माणसं बसलेली. लाँड्रीवाला, समोरची शेजारीण आणि तिच्याबरोबर तिची बहीण, पाला घ्यायला आलेली. मडकं त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवलेलं. आई खुलली. "घ्या, आलीच. आता हिलाच विचारा," म्हणाली आणि शेजारच्या खुर्चीवर हात थोपटला. वहिनी बसली नाही. पिशवीही खांद्यावरून काढली नाही.

"आई, त्या वेलीत काही नाही," ती म्हणाली.

आई हसतच होती. "म्हणजे?"

"पेशी वेलीने उठल्या नव्हत्या. भांड्यात घाण होती. जंतूंची. त्या घाणीने उठल्या. माझी तपासणी चुकली."

"कुठल्या भांड्यात?"

शेजारणीने स्टुलावरच्या मडक्याकडे बघितलं. तिच्या बहिणीने हातातला कप हळूच खाली ठेवला आणि ओठ पुसले. आईने ते पाहिलं. आईचा चेहरा मी जन्मापासून बघतेय, पण त्या क्षणी तो जसा झाला तसा कधी पाहिला नव्हता. सगळ्या गल्लीला आपल्या हाताने पाजलं होतं तिने.

"माझ्या," वहिनी म्हणाली. "प्रयोगशाळेतल्या बाटलीत. मी ती नीट धुतली नव्हती."

लाँड्रीवाल्याने मांडीवर थाप मारली. "म्हणजे बाटली धुण्यातच घोळ!"

"मी काय सांगत होते?" आईचा श्वास मोकळा झाल्यासारखा आवाज आला. "बाटल्या धुते म्हणून सांगत होते, तर तेही धड येत नाही हिला."

सगळे हसले. शेजारणीची बहीण सगळ्यात जास्त हसली. वहिनीही मान खाली घालून हसली, आणि त्या हसण्यातच म्हणाली, "काढा आता बंद करा, आई. सगळ्यांनीच बंद करा. आणि गोळ्या आजपासून सुरू करा. माझ्या चुकीपायी तुमच्या हातांना त्रास झाला." माझ्या जिभेवर खरं ते आलं होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "वन्सं, चहा टाका ना सगळ्यांना." एरवी ती मला वन्सं म्हणते ती चिडवायला. मी चहा टाकला.

डॉक्टरांकडे आम्ही तिघी गेलो. त्यांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या, हात दाबून बघितले आणि विचारलं, "बंद का केल्या होत्या?" आई म्हणाली, "हिने काढ्याचं सांगितलं म्हणून. प्रयोगशाळेत असते ना ही." डॉक्टरांनी वहिनीकडे बघितलं. "तुम्ही? तुम्ही सांगितलंत?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिच्याकडे बघून मलाच झालं. "हो," वहिनी म्हणाली. डॉक्टर कागदावर लिहायला लागले. सूज उतरेल, म्हणाले, पण वाकलेलं बोट सरळ होणार नाही.

कामावर मात्र तिने मडक्याचं खरं ते सांगितलं. सरांनी तिची पाठ थोपटली. कुठलाही अर्क आला की तो ज्या भांड्यात झाला त्या भांड्यातलं बिनपाल्याचं पाणीही तपासायचं, असा त्यांच्याकडे नियमच झाला. तिथे चूक सापडणं हीसुद्धा कमाई असते. घरात तसं नसतं.

घरात आई मधल्या बोटाने सुई धरायला शिकली. रफू होतं, पण दिसतं. लाँड्रीवाल्याने नाजूक काम दुसरीकडे द्यायला सुरुवात केली, आईला बटणं आणि अस्तरं तेवढी आणून देतो. शेजारची खुर्ची त्यामुळे बऱ्याचदा रिकामी असते. वहिनी तिच्यावर बसत नाही. सकाळी कामावर जाण्याआधी ती आईच्या सुयांमध्ये दोरे ओवून ठेवते, उशीवर रांगेने टोचून, आणि आईच्या हाताकडे न बघता उशी पुढे सरकवते.

परवा तिचा कामाचा पांढरा कोट दाराच्या कडीत अडकून बाहीला फाटला. ती गुपचूप पिशवीत घालत होती, तेवढ्यात आई म्हणाली, "आण इकडे." आईने तो घेतला, शिवणीतून धागा काढला आणि खिडकीत बसून बराच वेळ विणत राहिली. वहिनी जमिनीवर बसून वाट बघत होती, मी डबा भरत होते.

"दिसतंय का?" आईने बाही तिच्यापुढे धरली.

"नाही, आई. अजिबात नाही."

"तुझ्या नणंदेला विचारू? डोळे तपासते ती."

वहिनीने बाही उजेडाकडे वळवली. मग म्हणाली, "दिसतंय."

"आणि ती बाटली स्वच्छ होती," आई म्हणाली.

माझा हात डब्यावर थांबला. आईने आवाज चढवला नव्हता.

"मडकं मी घासलं. त्याच आठवड्यात, तुम्ही दोघी कामाला गेल्यावर. आत असा चिकट थर होता की नखात बसला. साबण लावला तरी वास जाईना. ते मी सगळ्या गल्लीला पाजलं." ती बाहीवरून अंगठा फिरवत राहिली. "चारचौघांत मला सांभाळलंस, ते कळलं. त्याच्या आधी गप्प का बसलीस, ते नाही कळलं."

जिन्यात मी जे विचारलं होतं तेच. तेव्हा वहिनीने मला उत्तर दिलं नव्हतं.

"तुम्ही खुर्ची मोकळी करून दिलीत," ती म्हणाली. "माझी सून म्हणालात. खरं बोलले असते तर मी पुन्हा बाटल्या धुणारी झाले असते. रोज ठरवायचे, उद्या सांगू. तुमच्या बोटांत सूज आहे असा मला संशयही आला होता एकदा, भाकरी मोडताना तुम्ही थांबलात तेव्हा. मी दुसरीकडे बघितलं. लाज वाटते मला, आई. तुमच्या हाताकडे बघवत नाही."

आईने स्वतःच्या वाकड्या बोटाकडे बघितलं. मी वाट बघत होते की ती काहीतरी बोलेल, शिवी तरी देईल, किंवा ‘सून’ एवढा एक शब्द तरी पुन्हा म्हणेल. तिने दाताने धागा तोडला, कोट झटकला आणि वहिनीच्या मांडीवर ठेवला.

"धर. उशीर होईल तुला," म्हणाली.

वहिनीला प्रयोगशाळेतून नवा कोट मिळालाय. तो घडी न मोडता कपाटात पडून आहे. ती रफूचाच घालते. रफू उजव्या बाहीवर आहे, मनगटाच्या जरा वर. पिपेट हातात धरला की ते बरोबर डोळ्यांसमोर येतं.